गर्भाची प्रतिकृती छापण्याआधी आणि छापल्यानंतर

बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीत ज्यांचे बालपण गेले, त्यांना पॅटर्न म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. माझे वडील पॅटर्नमेकर होते, म्हणजे धातू ओतण्याचा साचा ज्यावरून घेतात ती लाकडी प्रतिकृती ते बनवत. फाउंड्रीकडून नवे काम आले की ड्रॉइंगची गुंडाळी उलगडण्याआधीच ते विचारत, हा भाग कशाला बसणार आहे आणि त्याची कोणती बाजू मशीनिंगला जाणार आहे. लाकडाला किती सूट ठेवायची, आत पोकळी राखणारा कोअर कुठे बसवायचा आणि कोणता कोपरा थोडा ओबडधोबड राहिला तरी चालेल, हे सगळे त्या एका उत्तरावर ठरत असे. मी पुढे गर्भवैद्यकात आलो आणि आता पोटातील बाळांच्या अवयवांच्या प्रतिकृती छापून घेतो. या कामात होणारे घोटाळे बहुतेक वेळा यंत्राच्या दोषामुळे होत नाहीत, तर वडिलांचा तो प्रश्न विचारायचा राहून गेल्यामुळे होतात, असे माझे मत झाले आहे. म्हणून या भागातील स्त्रीरोगतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट, पदव्युत्तर विद्यार्थी आणि त्यांना छपाई करून देणारे कारागीर यांच्यासाठी लिहिताना मी सुरुवात प्रिंटरपासून करत नाही.

प्रतिकृती म्हणजे येथे सोनोग्राफी किंवा एमआरआयच्या माहितीवरून थ्रीडी प्रिंटरने थरावर थर चढवून तयार केलेली, हातात घेता येणारी वस्तू. पडद्यावर फिरणारे थ्रीडी चित्र मला अभिप्रेत नाही. ब्राझीलमध्ये रिओ दी जानेरो येथे हेरॉन वर्नर आणि जॉर्ज लोपेस यांच्या गटाने सोनोग्राफी, एमआरआय आणि क्वचित सीटी स्कॅन यांवरून गर्भाच्या अशा प्रतिकृती तयार करण्याचे काम बरेच आधी सुरू केले, आणि दृष्टिहीन मातांना आपल्या बाळाचा चेहरा बोटांनी पाहता यावा यासाठीही त्यांचा उपयोग केला.

आधी प्रश्न

केस आली की एका चिठ्ठीवर एकच वाक्य लिहावे, आणि त्या वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असावे. ‘बाळ कसे दिसते’ हा प्रश्न नव्हे. ‘मानेवरील गाठीने श्वासनलिका दाबली गेली आहे का, आणि प्रसूतीच्या वेळी बाळ नाळेला जोडलेले असतानाच त्याचा श्वासमार्ग मोकळा करावा लागेल का’ हा प्रश्न आहे, कारण त्याच्या उत्तरावर प्रसूती कुठे करायची, कोणते डॉक्टर हजर ठेवायचे आणि भूल कशी द्यायची हे अवलंबून असते. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील डॉक्टरांनी २०१५ मध्ये अशीच एक केस प्रसिद्ध केली. गर्भाच्या चेहऱ्यावर गाठीसारखे काही दिसत होते आणि श्वासमार्ग अडेल अशी भीती होती. एमआरआयवरून चेहऱ्याची प्रतिकृती छापल्यावर लक्षात आले की ती गाठ नसून पुढे आलेला दुभंगलेला ओठ आणि टाळू आहे. नाळेवर असताना श्वासमार्ग मोकळा करण्याची ती अवघड शस्त्रक्रिया टळली आणि सिझेरियननंतर बाळाला श्वासासाठी मदत लागली नाही. प्रतिकृतीने निर्णय बदलला आणि एक मोठी शस्त्रक्रिया वाचवली, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

बहुतेक गर्भवतींना अशा प्रतिकृतीची काहीच गरज नसते, हेही येथेच सांगून टाकतो. जुळ्यांमध्ये एकाचे रक्त वारेतील जोडांमधून दुसऱ्याकडे वाहत असेल, तर ते सोनोग्राफीवरच कळते. तेथे प्रतिकृती लागते ती शस्त्रक्रिया करणाऱ्याचा हात बसावा म्हणून, निदानासाठी नव्हे. आठवण म्हणून बाळाचा चेहरा छापून द्या अशी मागणी अधूनमधून येते आणि ती मी नाकारतो. त्यामागचे कारण कायद्याच्या भागात येईल.

चिठ्ठीवर प्रश्नाखाली गर्भाचे वय लिहावे आणि तेथून उलटी मोजणी करावी. पाठीचा कणा उघडा राहिलेल्या बाळांवर पोटात असतानाच शस्त्रक्रिया करावी की जन्मानंतर, याची तुलना करणारी मॉम्स ही अमेरिकी चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात शस्त्रक्रिया २६ आठवडे पूर्ण होण्याच्या आत केली जात होती. मेंदूतील पाणी काढण्यासाठी नळी घालावी लागण्याचे प्रमाण पहिल्या गटात ४० टक्के आणि दुसऱ्यात ८२ टक्के निघाले, मात्र अकाली प्रसूती आणि गर्भाशयावरील व्रण ही किंमत पहिल्या गटातील मातांनी मोजली. श्वासपटलाला भोक असून डाव्या बाजूने आतडे छातीत शिरलेल्या गंभीर केसेसमध्ये श्वासनलिकेत छोटा फुगा बसवतात, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टोटल चाचणीत २७ ते २९ आठवड्यांदरम्यान बसवला गेला. त्या गटातील ४० टक्के बाळे रुग्णालयातून घरी गेली, तर फुगा न बसवलेल्यांपैकी १५ टक्के. शिवाय गर्भपाताच्या कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीनुसार २४ आठवड्यांनंतर गंभीर व्यंगाचा निर्णय वैद्यकीय मंडळाकडे जातो. खानापूर किंवा चिकोडीकडची बाई व्यंगाच्या सोनोग्राफीसाठी अठराव्या आठवड्याऐवजी बाविसाव्या आठवड्यात पोहोचली, की एमआरआय, आकार वेगळा काढणे, छपाई आणि पडताळणी यांना मिळून चार-पाच दिवसांपेक्षा जास्त हातात राहत नाहीत. तेवढेही नसतील तर प्रतिकृती करू नये. गर्भशस्त्रक्रिया देशातील मोजक्या मोठ्या शहरांतच होते, येथून पुणे सुमारे साडेतीनशे आणि बंगळूर पाचशे किलोमीटर आहे, आणि प्लास्टिकची वस्तू तयार व्हायची आहे म्हणून रुग्णाला इथेच थांबवून ठेवण्याचे समर्थन कोणीही करू शकणार नाही.

प्रतिमा कशी घ्यावी

चेहरा, हात-पाय आणि पाठीचा पृष्ठभाग यांसाठी सोनोग्राफीचा थ्रीडी व्हॉल्यूम, म्हणजे त्या भागाच्या सगळ्या थरांचा एकत्र टिपलेला संच, पुरेसा असतो, पण चेहऱ्यासमोर गर्भजलाचा मोकळा थर हवा. बाळाने तोंड वारेत खुपसले असेल किंवा मूठ ओठांवर असेल, तर आईला थोडे चालून यायला सांगावे, कुशीवर वळवावे आणि पुन्हा पाहावे. संगणकावर ती मूठ कापून काढता येईल या भरवशावर खराब व्हॉल्यूम घेऊ नये, कारण मुठीमागे जे दडले आहे ते नंतर कोणालाच भरून काढता येत नाही. हाडांच्या मागे पडणाऱ्या सावलीचेही तसेच आहे.

फुप्फुसे, गाठीची खोली, श्वासनलिका आणि वार यांसाठी एमआरआय घ्यावा लागतो. गर्भ हलतो, म्हणून प्रत्येक थर झटपट टिपणाऱ्या टी-टू प्रकारच्या (पाणी उजळ दाखवणाऱ्या) प्रतिमा घेतात, आणि त्यांच्या थरांची जाडी साधारण ३ ते ४ मिलिमीटर असते. प्रतिमा अधिक उठावदार करणारे गॅडोलिनियमचे इंजेक्शन गर्भवतीला देत नाहीत. रेडिओलॉजिस्टला चिठ्ठीवरील प्रश्न आधीच दाखवून उभे, आडवे आणि बाजूचे असे तिन्ही दिशांचे संच मागावेत, आणि ज्या दिशेत हवा असलेला अवयव सर्वांत स्वच्छ दिसतो त्या दिशेत थर पातळ करून घ्यावेत. ४ मिलिमीटरच्या थरांत २ मिलिमीटरची नळी एका थरात दिसते आणि पुढच्या थरात हरवते, हे आधीच गृहीत धरावे. प्रिंटर ०.०५ मिलिमीटरचे थर काढतो म्हणून प्रतिकृतीही तितकी बारीक असेल असे समजणे ही या क्षेत्रातील सर्वांत गोड फसवणूक आहे. कारण जे एमआरआयने टिपलेच नाही ते प्रिंटर कितीही सुबक असला तरी आणणार कुठून?

हृदयाबाबत अडचण आकाराची असते. विसाव्या आठवड्यात गर्भाचे हृदय साधारण दोन सेंटिमीटरचे असते, म्हणून ते चार-पाच पट मोठे करून छापतात. तसे केल्यास प्रमाण किती पट आहे ते प्रतिकृतीवरच कोरावे. कागदावर लिहिलेले प्रमाण हरवते आणि मग आंब्याएवढे हृदय पाहून ‘भोक तर बरेच मोठे दिसते’ असे एखादा हुशार माणूससुद्धा म्हणून जातो.

आकार वेगळा काढणे

प्रतिमा डायकॉम या वैद्यकीय प्रतिमांच्या मूळ स्वरूपातच घ्याव्यात आणि पहिल्या पायरीला रुग्णाचे नाव, क्रमांक आणि पत्ता फाइलमधून काढून टाकावा. अवयव वेगळा काढण्यासाठी थ्रीडी स्लाइसर किंवा आयटीके-स्नॅप ही मोफत सॉफ्टवेअर पुरेशी आहेत. करड्या छटांची मर्यादा ठरवून सॉफ्टवेअर कच्चा आकार देते. पुढचे काम थरामागून थर हाताने करायचे असते आणि त्याला घाई चालत नाही. गालाला गर्भाशयाची भिंत टेकली असेल तर दोन्हींची छटा एकच होते आणि सॉफ्टवेअर गाल व भिंत एकत्र सांधते. अशा जागी रेडिओलॉजिस्टने शेजारी बसून कड आखावी. जी कड अंदाजाने आखली ती चिठ्ठीवर ‘अंदाज’ म्हणून नोंदवावी, आणि छापताना तेवढा भाग वेगळ्या रंगाचा किंवा खडबडीत ठेवावा. वडील लाकडाच्या पॅटर्नवर मशीनिंगची बाजू रंगवून वेगळी दाखवत, त्यातलाच हा प्रकार आहे.

एक चूक माझ्या हातून झाली ती सांगतो, कारण ती पुन्हा कोणाकडून होऊ नये. श्वासपटलाच्या भोकाची एक केस होती. बाहेरून आलेल्या प्रतिमा डायकॉमऐवजी साध्या चित्रांच्या रूपात होत्या, वेळ कमी होता, म्हणून मी त्या तशाच रचून आकार काढला. छापून आलेली छाती टेबलावर ठेवली तेव्हा पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीने हळूच विचारले, ‘सर, सोनोग्राफीत जठर डाव्या बाजूला होतं ना?’ प्रतिकृतीत ते उजव्या बाजूला होते. चित्रांचा क्रम उलटा लागला होता आणि संपूर्ण छाती आरशातल्यासारखी उलटून आली होती. असे भोक सुमारे ८५ टक्के वेळा डाव्या बाजूला असते म्हणून तिला शंका आली. उलटलेली प्रतिकृती जर एखाद्या सममित अवयवाची असती, तर कोणाच्याही लक्षात आले नसते. तेव्हापासून साधी चित्रे मी घेतच नाही, बाळाची डावी बाजू सोनोग्राफी करतानाच चिठ्ठीवर लिहितो आणि प्रत्येक प्रतिकृतीच्या डाव्या बाजूला ‘डा’ हे अक्षर उठावात छापून घेतो.

वेगळा काढलेला आकार एसटीएल या प्रिंटरला द्यायच्या फाइलमध्ये जातो. या फाइलमध्ये एकक साठवलेले नसते. प्रिंटरचे सॉफ्टवेअर आकड्यांना सहसा मिलिमीटर धरते, आणि कुठे सेंटिमीटर किंवा इंच शिरले की डोके मोसंबीचे लिंबू होते. म्हणून छपाईवाल्याला फाइलबरोबर एक माप लिहून पाठवावे, जसे की कपाळाच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत अमुक मिलिमीटर. पृष्ठभाग गुळगुळीत करण्याची सोय जपून वापरावी, कारण ती बारीक उंचवटे खाऊन टाकते आणि फाटलेल्या ओठाची फट बुजवते. पोकळ अवयवाची भिंत छपाईत टिकावी म्हणून दीड-दोन मिलिमीटर जाड करावी लागते. ती बाहेरच्या बाजूने करावी, म्हणजे आतील पोकळीचे माप बिघडत नाही.

कायदा फाइलमध्येच पाळावा

गर्भलिंग निदानाला बंदी घालणारा १९९४ चा कायदा आणि त्याची २००३ ची दुरुस्ती सोनोग्राफी करणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते, पण प्रतिकृतीच्या संदर्भात त्यातील एका वाक्याकडे दुर्लक्ष होते. गर्भाचे लिंग गर्भवतीला, तिच्या नातेवाइकांना किंवा ‘अन्य कोणत्याही व्यक्तीला’ शब्दांनी, खुणांनी किंवा अन्य कोणत्याही प्रकारे कळवायचे नाही, असे तो कायदा सांगतो. छपाई करणारा कारागीर ही अन्य व्यक्तीच आहे. संपूर्ण गर्भाची फाइल त्याच्याकडे पाठवून ‘तेवढा भाग छापू नको’ असे सांगितले, तर कळवण्याचे कृत्य त्याआधीच घडून गेलेले असते. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पण शिक्षेच्या भीतीपेक्षा ज्या कारणासाठी हा कायदा करावा लागला ते कारण आपल्या गावांतून अजून गेलेले नाही, हे आपण सगळे जाणतो.

त्यामुळे कमरेखालील पुढचा भाग डॉक्टरनेच, फाइल रुग्णालयाबाहेर जाण्याआधी, कापून टाकावा. तो पडद्यावर झाकून ठेवणे पुरेसे नाही, तो आकारातून पुसलाच पाहिजे. चेहऱ्याचा प्रश्न असेल तर गळ्याखाली काहीच घेऊ नये. पाठीचा कणा किंवा माकडहाडावरील गाठ असेल तेव्हा अडचण येते, कारण तो भाग कमरेजवळच असतो. अशा वेळी पाठीकडील अर्धाच आकार ठेवावा आणि पुढून सपाट काप द्यावा. पूर्ण गर्भाची कोणतीही प्रतिकृती रुग्णालयात तयार करू नये, आणि आठवणीसाठी तर मुळीच नाही. फॉर्म एफ (या कायद्यानुसार गर्भवतीच्या तपासणीसाठी भरायचा नमुना) आणि संबंधित नोंदी किमान दोन वर्षे जपाव्या लागतात. त्यांच्यासोबत प्रश्नाची चिठ्ठी आणि कोणता भाग कापला याची नोंद ठेवावी.

रंगाबाबतही एक सांगावेसे वाटते. गुलाबी किंवा निळे फिलामेंट, म्हणजे प्रिंटर वितळवून वापरतो ती प्लास्टिकची तार, या कामासाठी विकतच घेऊ नये. डॉक्टरच्या मनात काही नसले तरी दाराबाहेर उभे असलेले नातेवाईक रंगाचा अर्थ लावतात. आम्ही राखाडी आणि हस्तिदंती एवढेच दोन रंग वापरतो.

छपाई

पृष्ठभाग दाखवण्यासाठी पीएलए या प्लास्टिकच्या फिलामेंटचा साधा प्रिंटर पुरतो आणि मुठीएवढे डोके त्यावर रात्रभरात होते. ओठ, टाळू, कणा यांसाठी रेझिनचा, म्हणजे प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रवाचा, प्रिंटर बरा. एकाच छपाईत मऊ व कठीण द्रव्ये घालणारी यंत्रे महाग असतात, आणि सिलिकॉन ओतता येत असेल तर त्यांच्यावाचून अडत नाही.

बेळगावच्या पावसाळ्यात जूनपासून फिलामेंट हवेतील ओल शोषून घेते, छपाईत बारीक तडतड ऐकू येते आणि पृष्ठभागावर तुसासारखे धागे राहतात. रीळ सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. प्रिंटरला यूपीएस जोडावा, कारण पहाटे तीन वाजता वीज गेली की नवव्या तासाचे डोके कपाळापाशी थांबते आणि पुन्हा सुरू केले तरी तेथे पायरी राहते. ती पायरी म्हणजे कवटीचा दोष आहे की काय, असे विचारण्याची पाळी सकाळी येते.

छापून झाल्यावर कॅलिपरने मोजावे. डोक्याची रुंदी, पाठीवरील उघड्या जागेची लांबी, ओठाची फट अशी तीन मापे सोनोग्राफीवर घ्यावीत आणि तीच प्रतिकृतीवर घेऊन दोन्ही शेजारी लिहावीत. बिडाच्या कास्टिंगला पॅटर्नमेकर सुमारे १ टक्का सूट देतो, कारण धातू थंड होताना आखडतो हे त्याला ठाऊक असते. आपल्या प्रतिकृतीचीही सूट आपल्याला ठाऊक असली पाहिजे. ती प्रत्येक यंत्राची आणि द्रव्याची वेगळी असते व मोजूनच कळते. प्रतिकृतीच्या तळाच्या पट्टीवर छपाईची नव्हे, तर प्रतिमा घेतल्याची तारीख आणि त्या दिवशीचे गर्भाचे वय कोरावे. बाळ वाढत राहते. तीन आठवड्यांपूर्वीची प्रतिकृती समोर ठेवून आजच्या शस्त्रक्रियेची मापे ठरवणे चुकीचे आहे.

हात बसवण्यासाठी

गर्भशस्त्रक्रियेचा इतिहास तसा अलीकडचा आहे. न्यूझीलंडमध्ये ऑकलंड येथे विल्यम लायली यांनी १९६३ मध्ये पोटातील बाळाला रक्त दिले, आणि सॅन फ्रान्सिस्कोत मायकेल हॅरिसन यांनी १९८१ मध्ये गर्भाशय उघडून पहिली शस्त्रक्रिया केली. केसेस कमी आणि चुकीला जागा नाही, म्हणून सराव बाळावर होऊ शकत नाही. येथे छापलेल्या साच्यांचा उपयोग सर्वांत मोठा आहे, आणि तो करायला मोठे केंद्र लागत नाही.

जुळ्यांच्या वारेवरील रक्तवाहिन्यांचे जोड लेसरने जाळण्याच्या सरावासाठी आम्ही पुढील पद्धत वापरतो. वारेचा गर्भाकडील पृष्ठभाग आणि त्यावरील रक्तवाहिन्यांच्या खाचा असलेला उलटा साचा छापायचा, खाचांमध्ये रंगीत सिलिकॉन भरायचे आणि वरून फिकट सिलिकॉनचा थर ओतायचा. रंग भरताना नवशिका हमखास उलटे करतो. वारेच्या पृष्ठभागावर गर्भाची रोहिणी ऑक्सिजन कमी असलेले रक्त नेते, म्हणून ती गडद दिसते आणि नीला लालसर दिसते. शिवाय जेथे दोन्ही एकमेकींना ओलांडतात तेथे रोहिणी सहसा वरून जाते. हे सरावाच्या वारेत बरोबर असले तरच डोळ्यांना योग्य सवय लागते. तयार झालेली वार काचेच्या टाकीत कोमट पाण्याखाली तिरकी बसवावी. दुर्बीण म्हणून गॅरेजवाले इंजिनात डोकावण्यासाठी वापरतात तो यूएसबी बोरस्कोप चालतो, तो ५.५ मिलिमीटरचा आणि खरी गर्भदुर्बीण २-३ मिलिमीटरची, म्हणून वार दुप्पट मोठी छापावी. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सॉलोमन चाचणीनंतर जोड वेगवेगळे जाळून न थांबता वारेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग रेघ ओढण्याची पद्धत रूढ झाली. ती रेघ न तुटता ओढणे टाकीत कागदावरच्यापेक्षा कितीतरी अवघड आहे, हे विद्यार्थ्याला पहिल्या पाच मिनिटांत कळते.

रेझिनच्या साच्यात प्लॅटिनम प्रकारचे (प्लॅटिनमच्या साहाय्याने जमणारे) सिलिकॉन ओतणाऱ्यांना एक इशारा द्यायचा आहे. आमची पहिली वार साच्याला लागलेल्या बाजूने दोन दिवस चिकटच राहिली, गुळाच्या पाकासारखी. आम्ही सिलिकॉनच्या मिश्रणाला दोष देत होतो. शेवटी उद्यमबागेतील एका जुन्या मोल्डिंगवाल्याने साचा बोटाने चाचपून सांगितले, ‘साच्यालाच काहीतरी लागलंय वो, मालाला नाही.’ त्याचे बरोबर होते. पूर्ण न पिकलेल्या रेझिनमधील द्रव्ये प्लॅटिनम सिलिकॉनला जमू देत नाहीत. साचा अल्कोहोलने धुवावा, अतिनील प्रकाशात नीट पिकवावा, गरम करावा, वर लाखेसारखा थर द्यावा आणि आधी चमचाभर सिलिकॉन कोपऱ्यात टाकून पाहावे. पीएलएच्या साच्याला हा त्रास होत नाही.

कुटुंबासमोर

प्रतिकृती झाकून ठेवावी आणि आईला विचारूनच उघडावी. तिने नको म्हटले तर विषय तेथे थांबवावा. ती प्रथम तिच्या हातात द्यावी, सासूच्या किंवा नवऱ्याच्या नव्हे. शेजारी त्याच वयाच्या निर्व्यंग गर्भाची तशीच प्रतिकृती ठेवावी, म्हणजे फरक नेमका कुठे आणि किती आहे हे दिसते. एकटे व्यंग नेहमी असते त्यापेक्षा मोठे वाटते. हे ‘तुमचे बाळ’ असे न म्हणता ‘त्या दिवशीच्या तपासणीवरून केलेली ओठाची आकृती’ असे म्हणावे. संमतिपत्र तिला वाचता येते त्या भाषेत असावे. खानापूरकडची आई मराठी वाचते, अथणीकडची कन्नड, आणि फाटलेल्या ओठाला कन्नडमध्ये ‘सीळु तुटी’ म्हणतात एवढे तरी मराठी डॉक्टरला यावे.

दुभंगलेल्या ओठाच्या एका प्रतिकृतीभोवती असे कुटुंब बसले होते. सून गप्प होती आणि सासूबाई पुन्हा पुन्हा सांगत होत्या, ‘ग्रहणात विळीवर बसू नको म्हणून सांगितलं होतं वो डॉक्टर, ऐकलं नाही.’ मी प्रतिकृती सुनेच्या हातात दिली आणि ओठाच्या कडेवरून बोट फिरवायला सांगितले. कड गोलसर होती. कापलेली वस्तू अशी नसते, हे विळी वापरणाऱ्या बाईला वेगळे सांगावे लागत नाही. वरचा ओठ गर्भधारणेनंतर चौथ्या ते सातव्या आठवड्यादरम्यान दोन्ही बाजूंनी येऊन जुळतो, या बाळात एका बाजूला तो जुळला नाही, आणि ग्रहण लागले तेव्हा ओठ जुळण्याचा काळ केव्हाच उलटून गेला होता, असे मी तारखा मोजून दाखवले. सासूबाईंनी प्रतिकृती मागून घेतली, स्वतः बोट फिरवून पाहिले आणि मग विचारले, ऑपरेशन केव्हा करतात? ओठाचे साधारण तीन ते सहा महिन्यांत आणि टाळूचे दीड वर्षाच्या आत, हे उत्तर ऐकायला तोवर सगळे तयार झाले होते.

प्रतिकृती घरी द्यावी का, हे आधी ठरवून ठेवावे. आम्ही देत नाही. पुढच्या केंद्राकडे पाठवायची असल्यास डब्यात, चिठ्ठीसह आणि डॉक्टरच्या नावे देतो. गर्भ दगावला तर काही आई-वडील ती मागतात. तेव्हा नियम बाजूला ठेवून त्यांच्याशी बोलावे, मात्र आपण होऊन पुढे करू नये.

जन्मानंतरचे शेवटचे काम बहुतेक ठिकाणी राहून जाते. बाळ स्थिर झाल्यावर, आईच्या परवानगीने, जी तीन मापे प्रतिकृतीवर घेतली होती ती बाळावर घ्यावीत आणि मधल्या काळातील वाढ लक्षात घेऊन त्याच तक्त्याच्या चौथ्या रकान्यात लिहावीत. जेथे ‘अंदाज’ लिहिले होते तेथे प्रत्यक्षात काय निघाले हेही लिहावे. आमच्या वहीत ओठाच्या फटीची मापे बऱ्यापैकी जुळतात, टाळूची जुळत नाहीत. म्हणून टाळूचा भाग आम्ही आता नेहमी खडबडीतच छापतो.